मोहाखालची झाडलेली जागा

अंबालाल, तुझ्या शोकसभेतून मी मध्येच उठून आलो. लोकांना वाटलं, मला रडू आवरलं नाही. रडू कसलं, राग आला होता. एकामागून एक उठत होते आणि तू किती शांत, किती मवाळ, कधी कोणाला उणा शब्द बोलला नाहीस, असं सांगत होते. तू आणि मवाळ! वा रे वा. बारा-तेरा वर्षं माझ्या फोटोच्या दुकानातल्या एकुलत्या एका बाकावर बसून, माझाच चहा पिऊन, मलाच धडे दिलेस ते कोणी? तुझ्याइतका हट्टी भूगोलाचा मास्तर आपल्या शहाद्यात दुसरा झाला नाही, हे मी उभं राहून सांगणार होतो. पण हेडमास्तर पुढच्याच खुर्चीत बसले होते, मग गप्प बसलो.

तेच हेडमास्तर परवा दुकानात येऊन म्हणाले, शाळेच्या अंकासाठी चार ओळी लिहा, जन्म, शिक्षण, कार्य वगैरे. मी हो म्हटलं. ते काही माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुझी जन्मतारीख मला माहीत नाही आणि तुझ्या कार्याला तू कधी कार्य म्हटलं नाहीस. म्हणून हे तुलाच लिहितोय, तेही शाळेच्या मराठीत. तुझ्या घरी गुजरी, माझ्या घरी मारवाडी आणि भांडायचं मात्र अहिराणीत, अशी आपली रीत होती. तू हे वाचलं असतंस तर म्हणाला असतास, "शेठ, कसाले येवढी सुद्ध भाशा?"

मला तुझी माफी मागायची होती आणि ती राहून गेली, असं लिहून सुरुवात करणार होतो. पण मेलेल्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं? माफी मागायची नव्हतीच मला. तूच माझी मागशील म्हणून चार वर्षं वाट बघत होतो. गेल्या आठवड्यात मी वर सातपुड्यातल्या पाड्यावर जाऊन आलो, तुझ्या तिथल्या दोस्ताला, दमण्याला, तुझी बातमी सांगायला. तिथं जे कळलं त्यानंतर मला जेवण जात नाही.

पण ते नंतर. आधी ती पहिली खेप. तू नुकता शाळेत लागला होतास आणि मी नवा बॉक्स कॅमेरा गळ्यात अडकवून गावभर मिरवत होतो. होळीच्या आधीचे दिवस. म्हसावदपर्यंत एसटीनं गेलो आणि पुढे सातपुड्यात पायी. चढ चढून माझा जीव निघाला. दमण्याचं घर समोर दिसत होतं, कुडाच्या भिंती, कौलं, अंगणात खाट. आणि तू शेताच्या बांधावरच फतकल मारून बसलास.

"अरे, आवाज दे की," मी म्हटलं.

"आवाज दिसन काय करशी? त्या आपले देखी ऱ्हायनात. त्यास्ले वाटी तवय येतीन."

त्यांना वाटेल तेव्हा येतील म्हणे! तासभर बसवलंस मला उन्हात. मी तुला काय काय बोललो, ते शाळेच्या अंकात छापण्यासारखं नाही. शेवटी दमण्या आला, आपल्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग चला म्हणाला. हे तुला कोणी शिकवलं होतं, मी कधी विचारलं नाही. कोणी शिकवलं नसेलही. दुसऱ्याच्या घरी जाताना जे आपण गावात करतो, तेच तू डोंगरात करत होतास एवढंच. आम्हा बाकीच्यांना मात्र म्हसावद सोडलं की वाटायचं, आता कोणाचं घर नाही, सगळा नुसता देखावाच.

चूकही आपण त्याच खेपेला केली, दोघांनी मिळून. दमण्याच्या घरात पाहुणे आले होते, म्हणून आपण बाहेर झोपतो म्हणालो. शेताच्या पलीकडे मोहाची पाच झाडं होती आणि एकेका झाडाखालची जमीन कशी, सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ. पाला नाही, काडी नाही, खडा नाही. मी तर खूशच झालो. म्हटलं, बघ, वाटसरूंसाठी काय सोय केली आहे लोकांनी! तूही हो म्हणालास, हे विसरू नकोस. तीन दगड मांडले, खिचडी शिजवली, सतरंज्या पसरल्या आणि ताणून दिली.

पहाटे टपटप आवाजानं जाग आली. अंगावर, सतरंजीवर, चुलीच्या राखेत, सगळीकडे मोहाची फुलं पडत होती. आणि समोर टोपली घेऊन दमण्याची बायको उभी. झुमलीबाईनं आपल्याला उठवलंही नाही. कडेला बसली आणि राखेतून एकेक फूल उचलून, फुंकून, टोपलीत टाकायला लागली.

ती जागा तिनं झाडली होती. आठ दिवस आधी पाला जाळून, खडे वेचून, त्या फुलांसाठी. मोह कोणाचा, हे तिथं झाडागणिक ठरलेलं असतं. पावसाळ्यात कणगीतलं धान्य संपलं की हीच वाळवलेली फुलं पिठात मिसळून ते लोक खातात. आपण तिच्या कणगीत चूल पेटवली होती, अंबालाल.

मी खिशात हात घातला, भरपाई म्हणून काही द्यावं या विचारानं. तू माझं मनगट धरलंस. मग खाली बसलास आणि तिच्याबरोबर वेचायला लागलास. उन्हं डोक्यावर येईपर्यंत वेचत होतास. मीही वेचली, पण माझी कंबर तासाभरात गेली. तुझे हात कोपरापर्यंत काळे. जाताना ती हसली तेवढीच. तिच्या टोपलीतल्या फुलांना धुराचा वास लागला होता, तो आपल्या दोघांच्याही नाकाला कळत होता.

तिथून तुझे कायदे सुरू झाले. शाळेची सहल डोंगरात न्यायची तर वीसच्या वर मुलं नाहीत. पीठ-डाळ आपली. भांडी झऱ्यात घासायची नाहीत, पाणी उचलून खाली न्यायचं. विचारल्याशिवाय कशालाही हात नाही, पडलेल्या पानालाही. जाताना मीठ न्यायचं, कारण दमण्यानं एकदा तेच मागितलं होतं. मी तुला चिडवायचो, "मास्तर, तुमचं सोवळं आमच्या आजीपेक्षा कडक." आमच्या घरी कांदा चालत नाही, तरी तुझ्या सहलीपुढे आमचं स्वयंपाकघर सैलच म्हणायचं.

आणि त्या लिमलेटच्या गोळ्या! मी मोठ्या हौसेनं डबा भरून नेल्या होत्या. पाड्यावरची पोरं जमली आणि मी मूठ उधळणार तोच तू डबा काढून घेतलास. मी भडकलो. गोळ्यांनी काय बिघडतं, विष आहे का ते?

"आज ह्या पोरे आपले पानी दी ऱ्हायनात," तू म्हणालास. "उद्या आपले देखीसन हात पसरतीन. तुले कोनतं बरं वाटी?"

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तुझं बरोबर होतं हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणूनच बोललो नाही.

एकदा सहलीत कोणीतरी कुंपणावरचा वाळका भोपळा तोडून पिशवीत घातला. शहाद्याला आल्यावर तुला दिसला. पुढच्या रविवारी तू तो भोपळा काखेत मारून एकटा परत वर गेलास. एसटी, मग चार तासांची चढण, एका भोपळ्यासाठी! मी एसटी स्टँडवर लोकांदेखत हसलो तुला. तू शांतपणे म्हणालास, "बियाना व्हता तो." पुढच्या वर्षी पेरायला ठेवलेला. माझं हसू तोंडातच राहिलं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चहा न पिता निघून गेला असतास, लाजून.

पण वाद तो वादच, आणि त्यातला एक अजून माझ्या घशात आहे. मला पाड्यावरच्या होळीचे फोटो जगाला दाखवायचे होते. मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू, ढोलाभोवती फिरणारी माणसं. ते रोल मी रात्र-रात्र जागून धुवायचो. तू म्हणायचास, "जगले दखाडू नको आसं मी कोठे म्हनस? पन गावनं नाव कसाले?"

"तू काय तिथला वतनदार आहेस का?" मी ओरडायचो. "तू जातोस ते चालतं, मी जातो ते चालतं, आणि नाशिक-मुंबईच्या माणसानं गेलं की डोंगर बाटतो? हा कुठला न्याय?"

यावर तू फक्त एकदाच म्हणालास, "मालेबी तोच प्रश्न पडस, शेठ." त्याचं उत्तर तू दिलं नाहीस आणि आता कोणाशी वाद घालायचा? मला अजूनही वाटतं, माझा प्रश्न चुकीचा नव्हता. माणसांनी माणसांकडे जाऊ नये, असं कसं म्हणणार? फक्त प्रश्न बरोबर असला म्हणून मी जे केलं ते बरोबर ठरत नाही, एवढं आता कळतंय.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईच्या एका साप्ताहिकानं माझा फोटो छापला. अर्धं पान! खाली मीच लिहून पाठवलेला मजकूर: पाड्याचं नाव, म्हसावदहून किती तास, कुठल्या ओढ्याला वळायचं. या खेपेला मी ते नाव लिहीत नाही, बघ. तेव्हा मात्र अंक घेऊन सबंध बाजारपेठेत फिरलो. तुला दाखवला. तू फोटो खूप वेळ पाहिलास, चांगला उतरलाय म्हणालास, आणि मजकुरावर बोट ठेवून थांबलास. 

पुढच्या होळीला आपण वर पोचलो तेव्हा पाड्यात दोन ट्रक उभे होते. जंगलाच्या ठेक्यासाठी केलेल्या कच्च्या रस्त्यानं आले होते. कुठकुठली माणसं, बायका, पोरं, ग्रामोफोनसुद्धा. आणि उतरली होती कुठं? त्याच पाच मोहांखाली. स्वच्छ जागा, सावली, अजून काय पाहिजे? आपल्याला जे वाटलं होतं, तेच त्यांना वाटलं. चुली सहा-सात. ट्रकच्या चाकांखाली फुलांचा चिखल. एक बाई ओंजळी भरभरून फुलं पोत्यात घालत होती, घरी नेऊन कशी लागतात बघू म्हणून. एकाच्या हातात माझं पान होतं, घडी घातलेलं. मला ओळखून त्यानं हात हलवला: "अहो, तुम्हीच ना? काय जागा शोधून काढलीत!"

ते लोक वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. झुमलीबाई लांब उभी होती टोपली घेऊन. तू तिच्याकडे गेलास, दमण्याकडे गेलास, काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. परत येऊन एवढंच म्हणालास, "शेठ, चाल." उतरताना सबंध वाटेत तू मला एक शब्द बोलला नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

त्यानंतर तू माझ्याबरोबर वर येणं सोडलंस. "तू जाय, मी मांगून जासू," म्हणायचास. शाळेची सहलही डोंगराऐवजी प्रकाशाला, तापीकाठी न्यायला लागलास. लोक म्हणाले, मास्तर आळशी झाला. मी मात्र होळीला जात राहिलो, कॅमेरा घरी ठेवून, आणि खरं सांगतो, धाकधूक होती मनात. पण काय स्वागत व्हायचं माझं! दमण्या बांधापर्यंत यायचा, "आव, फोटूवाला," म्हणायचा. खाट, पाणी, गूळ. मोहाचा विषयसुद्धा कोणी काढला नाही. मी खाली येऊन गावभर सांगायचो, डोंगरातली माणसं किती मोठ्या मनाची! आणि एक दिवस दुकानात तुला सुनावलंही. आठवतं? चार गिऱ्हाइकं बसली होती. "ज्यांचं नुकसान झालं त्यांनी मला माफ केलं, आणि तू अजून तोंड फुगवून बसलास? तू कोण लागून गेलास?" तू हसलास. चहा पिऊन, कप विसळून, निघून गेलास. मला वाटलं, मी जिंकलो.

आता ऐक, वर काय झालं ते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक.

दमण्या आता थकलाय. त्यानं खाट टाकली, झुमलीबाईनं पाणी दिलं आणि मी सांगितलं, अंबालाल गेला. ती मटकन खाली बसली. रडता रडता म्हणाली, या वर्षी तर तो आत बसला होता, आमच्या चुलीजवळ, पोटभर जेवला होता.

"या वर्षी म्हणजे?" मी विचारलं. "आधी कुठं बसायचा?"

दमण्यानं बांधाकडे हात केला. त्याची पावरी बोली मला अर्धीमुर्धीच कळते, म्हणून तो माझ्यासाठी अहिराणीत बोलतो. ट्रक आले त्या होळीनंतर त्यांनी तुला सांगितलं होतं, तू आता बांधाच्या आत यायचं नाहीस. तीन वर्षं, अंबालाल! तीन वर्षं मोहाच्या दिवसांत तू एकटा वर जायचास, बांधाच्या बाहेर दुपारपर्यंत बसायचास आणि उतरायचास. पहिल्या वर्षी तू आणलेलं मीठ त्यांनी तसंच पडू दिलं. दुसऱ्या वर्षी मीठ घेतलं, पण पाणी दिलं नाही. तिसऱ्या वर्षीही नाही. पोरं त्याच वाटेनं जायची, तुझ्याशी बोलायची नाहीत. चौथ्या वर्षी, म्हणजे याच वर्षी, झुमलीबाई तांब्या घेऊन बांधावर आली.

मी ताडकन उठलो. "पण त्याला का? नाव तर मी छापलं! मी! त्यानं तर नको म्हटलं होतं!"

"माहीत शे," दमण्या म्हणाला.

"माहीत आहे? मग?"

"तुले आठे कोनी आनं?"

अंबालाल, तूच आणलं होतंस.

"आमनाकडे मानूसले जो आनस, त्यानी चूक तोच भरस," तो म्हणाला. "त्याले सांगं तवय तोबी हाच म्हने. मन्हा मानूस, मन्ही चूक."

मी म्हटलं, "अरे, पण मला बोलायचंस ना! मला हाकलायचंस! मला तुम्ही खाटेवर बसवलंत, गूळ दिलात, चार वर्षं हसून बोललात..."

दमण्याला माझ्या रागाचं नवल वाटलं. आवाजात कुचकेपणा नाही, काही नाही. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "तू पावना शे. पावनाले कोन बोलस?"

"आणि अंबालाल?"

"तो आमना व्हता."

बस, एवढंच. त्यांच्या त्या खाटेचा, गुळाचा मला केवढा गर्व होता! तुला हिणवायचो त्याच्यावरून. आणि तू माझ्या बाकावर बसून, उन्हात काळवंडलेला, ते ऐकत होतास आणि हसत होतास. एकदा सांगायचंस रे. एकदा माझी गचांडी धरायची होतीस. माफी मागायला आता तू नाहीस, आणि त्यांच्याकडे मागावी तर ते म्हणतात, तुझी कसली माफी, तू तर पाहुणा.

मी खाटेवरून उठलो. पाय कुठं नेतायत ते कळत नव्हतं. बांध ओलांडला, पलीकडच्या मातीत बसलो आणि ढसाढसा रडलो. म्हटलं, इथंच बसतो, मला आता कोणीतरी काहीतरी बोलू दे. दमण्या बघत राहिला. थोड्या वेळानं झुमलीबाई लगबगीनं आली. बिचारी इतकी ओशाळली होती की तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. "असा मातीमा कसाले बठना, भाऊ?" म्हणाली. दंडाला धरून तिनं मला उठवलं, पदरानं माझ्या धोतराची धूळ झटकली आणि परत नेऊन खाटेवर बसवलं.